डब्यावरची दुसरी सही

माझ्या शिवणाच्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत वाफवाले राहायचे. हे त्यांचं आडनाव नव्हे. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं ज्या खोलीत वाफेवर निर्जंतुक करतात, तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, म्हणून सगळी इमारत त्यांना वाफवाले म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर आधी कोणाशी तरी बोलावं लागतं, आणि वाफवाले कोणाशी बोलत नसत. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब. सकाळी कुत्र्याला घेऊन खाली उतरायचं, संध्याकाळी पुन्हा उतरायचं, एवढाच त्यांचा जगाशी संबंध होता.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो भांडणातून. मी स्वभावाने भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दर बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यातून मांस उकळल्याचा वास खाली यायचा. साधा स्वयंपाकाचा वास असता तर मी काही म्हटलं नसतं, त्याने निदान भूक तरी लागते. हा नुसताच उकळलेला वास. मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. तो माझ्या ताग्यांमध्ये शिरून बसायचा. एके दिवशी एका गिऱ्हाईकाने नवाकोरा कोट परत आणून माझ्या टेबलावर टाकला आणि ती म्हणाली, "बाई, ह्याला जेवणाचा वास येतोय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कात्री खाली ठेवली आणि तशीच जिना चढले.

दार उघडं होतं. आत पाऊल टाकणार तेवढ्यात आवाज आला, "तिथेच थांबा. आधी हात धुवा."

"मी भांडायला आलेय," मी म्हटलं.

"भांडा की. पण हात धुऊन भांडा."

दाराशीच एक बेसिन होतं, त्यावर साबण. का कोण जाणे, मी मुकाट्याने हात धुतले. "कोपरापर्यंत," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. मी कोपरापर्यंत धुतले. आयुष्यात माझ्या आईचंही मी इतकं ऐकलं नव्हतं.

खोली एकच, पण अशी स्वच्छ की तिथे श्वास घ्यायलासुद्धा परवानगी काढावी. ओट्यावर कापायच्या दोन फळ्या होत्या, एकीच्या कडेला लाल रंगाचा पट्टा. दोन सुऱ्या, त्यातल्या एकीच्या मुठीला लाल दोरा. लाल ते कच्च्याचं, बिनलाल ते शिजलेल्याचं, आणि एकाने दुसऱ्याला शिवायचं नाही. शेगडीवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं. समोर डोक्याला फडकं बांधून, बाह्या दुमडून वाफवाले भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे. आणि कोपऱ्यात, जमिनीवर खडूने आखलेल्या रेघेच्या पलीकडे एक म्हातारा तपकिरी कुत्रा बसलेला. एक कान उभा, एक पडलेला. पुढचे दोन्ही पंजे बरोबर रेघेला टेकवलेले.

"हा पेशंट," वाफवाले म्हणाले.

म्हणजे ते त्याचं नाव होतं. त्या कुत्र्याचं पोट नाजूक. विकतचं खाणं त्याला पचेना, म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घरचं खाणं सुचवलं आणि मापं लिहून दिली. तो कागद भिंतीवर चिकटवलेला होता. कोपऱ्यावरचा मटणवाला त्यांच्यासाठी कोणी विकत नेत नाही ते सगळं वेगळं काढून ठेवायचा: हृदयं, पोटाच्या पिशव्या, कोंबड्यांच्या माना, मांसाच्या कडेची छाटण, थोडी कलेजी.

"उरलंसुरलं, म्हणा ना," मी नाक मुरडलं.

"उरलेलं म्हणजे शिळं नव्हे," ते म्हणाले. "मी दुकान उघडताना जातो. बर्फ घातलेला डबा घेऊन. आज कापलेलं असेल तेवढंच घेतो. बोटाला चिकट लागलं की परत."

मग मी भांडायचं विसरले आणि प्रश्न विचारत राहिले. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्याची हातोटी बघायला आवडते, त्याला इलाज नाही. कच्चं मांस ते नळाखाली धूत नसत, शिंतोडे उडून सगळ्या ओट्यावर घाण पसरते म्हणून. उकळी फुटल्यावर घड्याळ लावायचे, आणि वेळ भरली तरी विश्वास ठेवायचे नाहीत. सगळ्यात मोठा तुकडा काढून मधोमध कापून बघायचे, आत गुलाबी दिसला तर पुन्हा आत. मीठ नाही. कांदा-लसूण तर घरातच नाही, कारण कुत्र्याला तो विषासारखा. कलेजी पेशंटला जीव की प्राण, पण ती चिमूटभरच, कारण तीही जास्त झाली की बाधते. शिजल्यावर सगळं पसरट परातीत काढायचं, परात गार पाण्यावर ठेवायची, आणि निवलं की लगेच डब्यांत भरून फ्रीजमध्ये. तीन दिवसांचं खाली, बाकीचं वर बर्फात.

आणि डब्यांत भरायच्या आधी हाडं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुया होतात. म्हणून एकूण एक हाड बोटांनी काढायचं. मानेची हाडं म्हणजे बारीक मणी आणि त्यांना फुटलेले काटे. वाफवाले तासभर नुसते तेच करायचे.

त्या दिवशी निघताना मी त्यांचे डबे पाहिले. प्रत्येक डब्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. त्यावर तारीख, आत काय आहे, आणि खाली दोन शब्द. केलं, आणि त्यापुढे त्यांची सही. पाहिलं, आणि त्यापुढे काही नाही.

"हे रिकामं का?" मी विचारलं.

"बघायला कोणी नाही म्हणून," ते म्हणाले, आणि परात धुवायला घेतली.

वासाचं काय ते त्यांनी लगेच केलं. पुढच्या बुधवारी जिन्याकडचं दार बंद, मागची खिडकी उघडी. वास कमी झाला आणि मला आता भांडायला काही उरलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

दोन आठवड्यांनी तेच खाली आले. माझ्या दुकानाच्या उंबऱ्याशी उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शिवलेला कपडा देण्याआधी त्यावरून हात फिरवता. मी जाता-येता बघितलंय."

"टाचणी राहिली असेल तर कळावं म्हणून," मी म्हटलं. "सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाईकाला माझी टाचणी टोचलेली नाही."

"तेच," ते म्हणाले. "बुधवारी अर्धा तास वर याल का? हाडं बघायला."

मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबले. बरं म्हटलं.

अशी मी पेशंटच्या खाण्याची तपासनीस झाले. बुधवारी अकराला दुकानाला कुलूप लावायचं, वर जायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे. ते माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवायचे, तिच्यावर धुतलेलं फडकं. परातीतला एकेक घास मी बोटांमधून काढायची. पहिल्या दिवशी मला मण्याएवढं हाड सापडलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला आणि खुललाही. मग त्यांनी चिकटपट्टी पुढे केली. पाहिलं, त्यापुढे मी सही केली. रेशनच्या दुकानात करावी तशी, फराटा मारून. ते त्या फराट्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, काही चुकलं की काय.

ते काय बघत होते हे मला हळूहळू कळलं. वाफवाले एका बुधवारी एक वाक्य बोलायचे, दुसऱ्या बुधवारी त्याच्या पुढचं. इस्पितळातल्या त्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला हत्यारं मोजून कापडात बांधणारा, समोर ती बांधणी उघडून पुन्हा मोजणारा. पुडक्यावर दोन सह्या. दोन्ही असल्याशिवाय पुडकं वाफेत जायचं नाही. त्यांच्या समोर बसून मोजायला जी मुलगी आली, तिने पहिल्याच दिवशी त्यांचं पुडकं परत केलं. एक चिमटा कमी होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लग्न केलं."

तीस वर्षं त्या दोघांच्या सह्या एकाखाली एक होत होत्या. घरीसुद्धा तीच सवय. पेशंट आला तो तिनेच आणलेला, पिल्लू असताना. खाणं ते करायचे, बघायची ती. "आमची ही बघितल्याशिवाय सही करायची नाही," ते म्हणाले. "नवऱ्याचं आहे म्हणून सोडायची नाही." एवढं बोलून ते गप्प झाले, आणि पुढचे दोन बुधवार गप्पच होते.

मी बोलायची. मी गिऱ्हाइकांची उणीदुणी काढायची, घरमालकाला नावं ठेवायची, आणि ते ऐकायचे. मला वाटायचं, एकट्या माणसावर मी उपकार करतेय. दुकानाच्या मागच्या खोलीत मी स्वतः सोळा वर्षं एकटी राहतेय, संध्याकाळी मशीन बंद केलं की घरात दुसरा आवाज नसतो, हे मी सोयीस्करपणे विसरायची. पण बुधवारची वाट मी सोमवारपासून बघायची, हेही खरं आहे.

ते मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कबूल करायचं नव्हतं.

तो बुधवार शाळा उघडायच्या आधीचा. गणवेशांचा ढीग पडलेला, मी चिडलेली. जिना चढता चढता फोन वाजला. बहिणीचा. आईच्या आजारपणात कोणी जास्त केलं यावरून आमचं फाटलं होतं, आणि सात महिने तिने माझा फोन उचलला नव्हता. आज तिने आपणहून केला होता. मी अशी हरखून गेले की फोन कानापासून दूर करायची भीती वाटली, पुन्हा लागला नाही तर म्हणून.

वर गेले. हात धुतला, एकच, कारण दुसऱ्या हातात फोन. बहीण रडत होती. मी "हो गं, हो गं" करत परातीवरून डावा हात फिरवला. वरच्या वर, चादरीची सुरकुती सरळ करावी तसा. मनात म्हटलं, वाफवाल्यांनी केलंय, त्यात काय असणार? ह्या माणसाच्या हातून कधी काही राहतं का? त्यांनी चिकटपट्टी पुढे केली. मी सही केली आणि बोलत बोलत जिना उतरले.

गुरुवारी दुपारी पेशंटने तो डबा खाल्ला. शुक्रवारी सकाळी वाफवाले दुकानात आले तेव्हा त्यांच्या डोक्याला फडकं नव्हतं आणि पायात चपला नव्हत्या. कुत्रा दोन्ही हातांवर आडवा.

"रिक्षा," एवढंच म्हणाले.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक लांब बाकडं होतं. आम्ही दोघं त्यावर तीन तास बसलो. आत पेशंटचं पोट उघडलेलं. समोरच्या भिंतीवर मांजरांच्या लसींचा तक्ता होता, तो मी इतक्यांदा वाचला की अजून पाठ आहे. वाफवाले दरवाजाकडे बघत होते. हात मांडीवर उलटे ठेवलेले, बोटं पसरलेली. त्या हातांना करायला काही काम नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी एक लहानशी वाटी पुढे केली. त्यात एक काटा होता. माझ्या मशीनच्या सुईएवढा. टोक तसंच तीक्ष्ण.

"जगेल बहुतेक," त्या म्हणाल्या. "पण काका, तुमच्याकडून असं कसं झालं? मी तर दुसऱ्यांना तुमचं उदाहरण देते. हे खाणं कोणी केलं होतं?"

"मी केलं," वाफवाले म्हणाले.

"आणि पाहिलं कोणी?" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्या दुसऱ्या सहीबद्दल काही माहीतच नव्हतं. मी शेजारीच होते. मी म्हणायला हवं होतं. चारचौघांत ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, ती मी मूग गिळून बसले. वाफवाल्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी वाटीतला काटा रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

पेशंट वाचला. आठवड्याने घरी आला, पोटावर टाके. मी खाली बसून त्याची नखं जिन्यावर वाजताना ऐकली आणि मशीनवर डोकं टेकून रडले. बुधवार आला. अकरा वाजले. मला कोणी बोलावलं नाही. तसं आधीही कधी बोलावत नव्हते, मीच जात होते. पण त्या दिवशी जायला पाय उचलेना. पुढच्या बुधवारी तेच. जाता-येता ते मान हलवायचे, पूर्वीसारखीच. त्यात काही कमी नव्हतं, म्हणून तर जास्त लागायचं.

तिसऱ्या बुधवारी मी दुपारी वर गेले. काम आटपलं होतं. डबे ओट्यावर ओळीने मांडलेले, पट्ट्या चिकटवलेल्या. केलं, आणि सही. पाहिलं, आणि काही नाही. खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवलेली, तिच्यावर पातेलं पालथं घातलेलं.

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं. नुसती सही केली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी समोरच होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

पेशंट उठून माझ्या पायाशी आला, हुंगून पुन्हा रेघेपलीकडे जाऊन बसला.

"तुमच्या बहिणीचा फोन होता," ते म्हणाले. "आणि दुसरं म्हणजे, मीही नीट केलं नव्हतं. तुमची चाहूल लागली जिन्यात, तेव्हा दोन माना राहिल्या होत्या. खुर्ची मांडायची होती. मी त्या भराभर उरकल्या. म्हटलं, बाई आहेतच बघायला."

मी खुर्चीवरच्या त्या पालथ्या पातेल्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हटलं असेल, वाफवाल्यांनी केलंय, त्यात काय बघायचं. मी म्हटलं, बाई बघणार आहेत, त्यात काय करायचं. दोघांमधून काटा सरळ निघून गेला." त्यांनी ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता. "इस्पितळात नव्या माणसांना मी हेच सांगायचो. दुसरी सही आली की पहिला हात ढिला पडतो. सगळ्यांना सांगितलं, आणि स्वतः विसरलो."

"मी यापुढे नीट बघीन," मी म्हटलं. "शपथेवर सांगते. दोन्ही हातांनी."

"तुम्ही बघाल," ते म्हणाले. "मला खात्री आहे. पण मी तुम्हाला हाडांसाठी बोलावलंच नव्हतं, बाई. हाडांना माझी बोटं पुरत होती. कोणीतरी यावं म्हणून बोलावलं होतं. त्यात ह्याचा जीव जात होता."

ते रागाने बोलले नाहीत. हिशेब नीट जुळल्यावर माणूस बोलतो तसे बोलले.

"आता एकटाच करतो," ते म्हणाले. "एकटा असलो की हात चुकत नाही."

मला खूप काही म्हणायचं होतं. या, आपण डबे बाजूला ठेवू, नुसतेच बसू, मी नुसतीच येईन, असं म्हणता आलं असतं. पण कामाशिवाय दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायची मला सवय नव्हती, आणि कामाशिवाय कोणाला बसवून घ्यायची त्यांना नव्हती. आम्ही दोघंही तसेच घडलेले. मी खाली आले आणि गणवेशांना काजं करत बसले.

पुढे दीड वर्ष असंच गेलं. दर बुधवारी डोक्यावर पावलं वाजायची: शेगडी ते बेसिन, बेसिन ते ओटा. मग तासभर काही वाजायचं नाही, तेव्हा मी समजायची की ते हाडं काढतायत. हळूहळू तो तास दीड तासाचा झाला, मग दोन तासांचा. एकदा परात पडल्याचा आवाज आला आणि मी जिन्यापर्यंत धावले, पण दार बंद होतं. आतून ते पेशंटला काहीतरी समजावत होते. मी कान देऊन उभी राहिले आणि परत फिरले.

हिवाळ्यात त्यांची मुलगी आली. तिने माझ्या दुकानात येऊन बसून सगळं सांगितलं, कारण इमारतीत दुसऱ्या कोणाला तिच्या वडिलांबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्यांचे हात थरथरायला लागले होते, दोनदा चक्कर येऊन पडले होते. ती त्यांना घेऊन जाणार होती. तिच्याकडे कुत्रा ठेवू देत नाहीत.

"बाबा म्हणाले, खालच्या बाईंना विचार," ती म्हणाली. "मी म्हटलं, त्या कशाला ठेवतील? तर म्हणाले, विचार तर."

मी हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. माझं मलाच नवल वाटलं.

जायच्या दिवशी वाफवाले स्वतः खाली आले. पेशंटची चादर, लाल पट्ट्याची फळी, लाल दोऱ्याची सुरी, भिंतीवरचा कागद, घड्याळ, सगळं आणून टेबलावर ठेवलं. बर्फातले सहा डबे माझ्या फ्रीजमध्ये स्वतः लावले. मग खाली बसून त्यांनी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात खडूने रेघ आखली. त्यांचा हात हलत होता, त्यामुळे रेघ सरळ आली नाही. पेशंट लगेच तिच्यापलीकडे जाऊन बसला. त्यांनी त्याच्या पडलेल्या कानावरून हात फिरवला आणि रिक्षात जाऊन बसले.

ते सहा डबे मी एकेक करून काढले. आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात ठेवायचा, ओट्यावर नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक डबा परातीत पालथा केला आणि घास न घास बोटांमधून काढला, दोन्ही हातांनी, फोन बंद करून. सहाही डब्यांत काही सापडलं नाही. तेवढे थरथरते हात, आणि एक काटा राहिलेला नाही. मग प्रत्येक पट्टीवर, पाहिलं, त्यापुढे सही केली. फराटा नाही मारला, पूर्ण नाव लिहिलं. पेशंट रेघेपलीकडून बघत होता. त्याला उशीर झालेला आवडत नव्हता, पण तो उठला नाही.

सहावा डबा संपल्यावरच्या बुधवारी मी दुकान उघडलंच नाही. बर्फाचा डबा घेऊन मटणवाल्याकडे गेले. वाफवाले गेल्यापासून त्याने माना वेगळ्या काढून ठेवणं बंद केलं होतं. त्याने हृदयं आणि छाटण दिली, मी बोट लावून पाहिलं. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले. उकळी फुटली तेव्हा घड्याळ लावलं. सगळ्यात मोठा तुकडा मधोमध कापून पाहिला. हाडाची एखादी किरच राहिली असेल म्हणून प्रत्येक घास बोटांमधून काढला. मग पट्ट्या चिकटवल्या आणि केलं, त्यापुढे माझं नाव लिहिलं. पाहिलं, त्यापुढेही मीच लिहू शकले असते. कोण विचारणार होतं? पेन हातात धरून बराच वेळ बसले आणि ती जागा तशीच सोडली.

पेशंटला वाढत होते तेव्हा फोन वाजला. वाफवाले. त्यांनी नमस्कार वगैरे काही म्हटलं नाही.

"आज बुधवार," ते म्हणाले.

"हो. केलं. आत्ताच वाढलं."

"खातोय?"

मी फोन खाली नेऊन भांड्याजवळ धरला. पेशंट भांडं ढकलत ढकलत भिंतीपर्यंत गेला होता, आणि मी त्याच्या मागे गुडघ्यांवर सरकत. खाऊन झालं, चाटून झालं, भांडं वाजायचं थांबलं. तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडे ते अजून ऐकतच होते.

मग म्हणाले, "पाहिलं कोणी?"

"कोणी नाही हो, काका," मी म्हटलं. "इथे आहे कोण."

"मग चुकणार नाही," ते म्हणाले.